दसऱ्याच्या सुट्टीत अंदमान? पावसाबद्दल वाचकांचे प्रश्न

गणपती उठले की सहलींचे बेत शिजू लागतात. या वेळी आलेल्या पत्रांत निम्म्याहून अधिक जणांनी बेटांवरच्या हवामानाबद्दल विचारलं आहे, आणि त्यातही अंदमानच पुढे आहे. निवडक प्रश्नांना उत्तरं देत आहे.

"दसऱ्याला जोडून आठवडाभर सुट्टी मिळतेय. चौघांचं अंदमान ठरतंय. ट्रॅव्हलवाले म्हणतात, ऑक्टोबरात पाऊस संपलेला असतो. खरं का?" – शिक्षिका, जुळे सोलापूर

संपलेला नसतो. आपल्याकडचा मॉन्सून ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात माघारी फिरतो, त्यामुळे तिकडेही तसंच असेल असं आपण धरून चालतो. अंदमानात मे महिन्याच्या २०-२२ तारखेच्या सुमारास सुरू झालेला पाऊस थेट डिसेंबरपर्यंत रेंगाळतो. नैर्ऋत्येचे मोसमी वारे मंदावतात, आणि पाठोपाठ ईशान्येचे येतात.

आकडे बघा. पोर्ट ब्लेअरला, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमला, वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. सोलापूरला सहा-सातशे. तिथे एकट्या सप्टेंबरात चारशेच्या वर आणि ऑक्टोबरात तीनशेच्या आसपास पडतो. म्हणजे आपल्या वर्षातला निम्मा पाऊस तिथे एका महिन्यात!

तरीही लगेच बेत मोडू नका. हा पाऊस बऱ्याचदा सरींचा असतो. तासभर झोडपून काढतो आणि पुन्हा लख्ख ऊन पडतं. अशा दिवशी सहल छान होते. खरी पंचाईत होते ती समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं की. मग दोन-तीन दिवस झड लागते, वारा सुटतो, आणि बेटांमधल्या फेऱ्या म्हणजे बोटी बंद होतात. स्वराजद्वीप (जुनं हॅवलॉक) आणि शहीदद्वीप (जुनं नील) इथे जायला पर्यटकांसाठी बोट हाच मुख्य मार्ग. म्हणून पाऊस किती पडेल यापेक्षा समुद्र किती खवळलेला असेल, हा प्रश्न मोठा आहे.

आणखी एक गोष्ट कार्यक्रमपत्रिकेत कोणी सांगत नाही. नैर्ऋत्येचा वारा असेपर्यंत बेटांचे पश्चिमेकडचे किनारे जास्त खवळलेले असतात. राधानगरचा प्रसिद्ध किनारा पश्चिमेलाच आहे. सूर्यास्त तिथे जरूर बघा, पण सप्टेंबर-ऑक्टोबरात लाल बावटा असेल तर मुलांना गुडघाभर पाण्यातही सोडू नका. त्याच बेटावरचा कालापत्थरचा किनारा पूर्वेला आहे, तो त्या दिवसांत तुलनेने शांत असतो. पाणीही या काळात थोडं गढूळ असतं. प्रवाळ स्वच्छ बघायचे असतील तर जानेवारी ते मार्च हाच काळ.

तुमचा आठवडा ठरलेलाच असेल तर तीन बेटांऐवजी दोनच करा. आणि परतीच्या विमानाआधीचा एक अख्खा दिवस श्री विजयपुरममध्ये मोकळा ठेवा. बोट रद्द झाली तर तोच दिवस तुम्हाला वाचवतो.

"आमचं बुकिंग १० ऑक्टोबरचं आहे. तेव्हा चक्रीवादळं येतात म्हणे. रद्द करावं का?" – व्यापारी, बार्शी

आत्ता रद्द करू नका. ऑक्टोबर ते डिसेंबर हा बंगालच्या उपसागरातल्या वादळांचा मुख्य काळ आहे, हे खरं. ८ ऑक्टोबर २०१४ रोजी 'हुदहुद' अंदमान ओलांडून गेलं आणि चार दिवसांनी विशाखापट्टणमला धडकलं. नोव्हेंबर २०१३ मध्ये 'लेहर'ही तिथूनच गेलं. डिसेंबर २०१६ मध्ये हॅवलॉकवर शेकडो पर्यटक अडकून पडले होते. पण यातल्या बऱ्याचशा वादळी प्रणाली अंदमानपाशी असताना बाल्यावस्थेत असतात आणि पश्चिमेकडे सरकताना जोर धरतात. वारा ताशी ६२ किलोमीटरला पोचला की तिला चक्रीवादळ म्हणतात. त्याआधीच बोटी मात्र थांबतात, आणि थांबायलाच हव्यात.

भारतीय हवामान विभाग दर गुरुवारी पुढच्या दोन आठवड्यांचा अंदाज देतो. निघण्याआधीचे दोन गुरुवार तो वाचा. निघायच्या आधीच्या चार दिवसांत मच्छीमारांसाठीचा इशारा रोज बघा. अंदमान समुद्रात जाऊ नका असं त्यात लिहिलं असेल, तर तुमची बोट सुटण्याची आशा कमी. मोबाइलवरच्या ढगाच्या चित्रापेक्षा मी त्या इशाऱ्यावर अधिक विश्वास ठेवते. हॉटेलवाल्याला तारीख बदलून मिळेल का, हे मात्र आजच लेखी विचारून घ्या.

"वडील ७४ वर्षांचे आहेत. सेल्युलर जेलमधली सावरकरांची कोठडी बघायची त्यांची फार इच्छा आहे. आपल्याला मे महिन्यातल्या ४२-४३ अंशांची सवय, तिथे तर जेमतेम तीस. उकाड्याची काळजी करायची का?" – विजापूर रोड

हो, करायची. आपलं ऊन कोरडं आहे, घाम आला की वाळतो आणि अंग गार होतं. तिथे हवेत आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास असते. घाम वाळतच नाही, नुसता निथळत राहतो, आणि अंगातली उष्णता आतच कोंडते. रात्रीही पारा चोविसाच्या खाली फारसा उतरत नाही. ३० अंशांतही ज्येष्ठांना थकवा, गरगरणं, पायात गोळे येणं हे त्यामुळेच होतं.

कोठडी सर्वांत वरच्या मजल्यावर आहे, जिने चढावे लागतात. सकाळी जेल उघडल्या उघडल्या जा, दर मजल्यावर थांबा, मीठ-साखरेचं पाणी सोबत ठेवा. रक्तदाबाची किंवा लघवी जास्त होण्याची गोळी चालू असेल तर निघण्याआधी डॉक्टरांशी बोला. पहिला दिवस आरामाचाच ठेवा. त्यांची ही इच्छा जरूर पूर्ण करा, फक्त त्यांच्या चालीने.

"याच दिवसांत पाऊस नसलेलं बेट कुठलं?" – अक्कलकोट

बाली आणि मॉरिशस. दोन्ही दक्षिण गोलार्धात. बालीत साधारण एप्रिल ते ऑक्टोबर कोरडा काळ असतो. मॉरिशसला तेव्हा वसंत असतो, ऑक्टोबर तर वर्षातल्या सर्वांत कोरड्या महिन्यांपैकी एक, फक्त समुद्राचं पाणी गारसर लागतं. फुकेत या दिवसांत टाळा, तिथला सर्वांत जास्त पाऊस सप्टेंबर-ऑक्टोबरातच पडतो. श्रीलंकेत सप्टेंबरपर्यंत पूर्व किनारा, त्रिंकोमालीची बाजू, चांगली. ऑक्टोबरात दुपारनंतर विजांसह पाऊस होतो.

"कपडे काय न्यावेत? आणि संध्याकाळी फिरायला वेळ मिळतो का?" – पंढरपूर

सैल सुती कपडे, पण पातळ. जीन्स नको, भिजली की दोन दिवस ओलीच. आपला जाडजूड सोलापुरी टॉवेलही घरीच राहू द्या, त्या दमट हवेत तो वाळणार नाही. पातळ पंचा न्या. छत्रीपेक्षा रेनकोट बरा, वाऱ्यात छत्री उलटते. मोबाइल आणि औषधांसाठी झिपच्या प्लास्टिक पिशव्या हव्यातच.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला तिथे संध्याकाळी सव्वापाचच्या आतच सूर्य मावळतो, आपल्यापेक्षा तासाभराहून आधी. घड्याळ तेच, पण बेटं खूप पूर्वेला आहेत. उजाडतंही पहाटे पाचच्या सुमारास. तेव्हा फिरणं सकाळी सहालाच सुरू करा. सरी दुपारनंतर आल्या तरी दिवस पदरात पडलेला असतो, आणि राधानगरचा सूर्यास्त बघायचा तर साडेचारलाच किनाऱ्यावर हजर राहा.