ग्राहकाने जीएसटी भरला, मग माझ्या कमिशनवर पुन्हा कशाला?

प्रश्न : मी नाशिकला राहतो. घरगुती उपकरणांची परीक्षणे लिहून खाली एका ऑनलाइन विक्री कंपनीच्या लिंक देतो. लिंकवरून खरेदी झाली की कमिशन मिळते. कंपनीची जीएसटी नोंदणी कर्नाटकातली आहे. या आर्थिक वर्षात बँकेत 19,70,000 रुपये जमा झाले, म्हणजे मी जीएसटी नोंदणीच्या 20 लाखांच्या मर्यादेत आहे. वस्तूवरचा जीएसटी ग्राहक भरतो, माझ्याकडून 2 टक्के टीडीएसही कापला जातो. तरी नोंदणी लागेल का?

उत्तर : लागेल. मर्यादा तुम्ही ओलांडली आहे.

बँकेत येते ती टीडीएस वजा जाता उरलेली रक्कम. 19,70,000 ला 0.98 ने भागा. मूळ कमिशन 20,10,204 रुपये निघते. उलाढाल या आकड्यावर मोजतात. याच पॅनवर दुसरे काही काम असेल तर तेही त्यात धरायचे. राहण्यासाठी दिलेल्या फ्लॅटचे भाडे करमुक्त असले तरी उलाढालीत येते; पगार मात्र येत नाही.

ग्राहकाने भरलेला कर वस्तूचा. तुम्ही कंपनीला ग्राहक आणून देता, ती वेगळी सेवा आणि तिच्यावर 18 टक्के जीएसटी. टीडीएस तर आयकराचा, त्याचा इथे संबंध नाही. परराज्यातल्या कंपनीचे काम केले की पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते, असेही कोणी सांगेल. सेवांपुरती ती अट ऑक्टोबर 2017 मध्येच शिथिल झाली, त्यामुळे मागच्या कमिशनची धास्ती नको.

आता तारीख बघा. बँकेतली जमा 19,60,000 च्या (टीडीएस धरून 20 लाखांच्या) पुढे गेली तो दिवस शोधा, आणि कंपनीच्या कमिशन विवरणाशी ताडून पाहा, कारण कमिशन मंजूर झाल्याचा दिवस त्याच्याही आधीचा असू शकतो. नोंदणीची जबाबदारी आल्यापासून 30 दिवसांत अर्ज करायचा असतो. तसा केला तर नोंदणी मागच्या तारखेपासून, म्हणजे जबाबदारी आली त्या दिवसापासून लागू होते. प्रमाणपत्र मिळाल्यावर महिनाभरात मधल्या काळातल्या बिलांऐवजी सुधारित बिले देता येतात. कंपनीला त्यावर इनपुट क्रेडिट, म्हणजे तुम्हाला दिलेल्या कराची स्वतःच्या करातून वजावट, मिळते, म्हणून कर द्यायला ती सहसा कुरकुरत नाही.

30 दिवस हुकले की नोंदणी मंजुरीच्या तारखेपासून धरतात. मधल्या काळाचा कर सुटत नाहीच, पण सुधारित बिल देता येत नसल्याने तो तुमच्याच खिशातून जातो. वर वार्षिक 18 टक्के व्याज, आणि दंड 10,000 रुपये किंवा बुडालेला कर, यांत जे जास्त असेल ते.

करारही काढून वाचा. कमिशन ‘सर्व करांसह’ असेल तर कंपनी वेगळा जीएसटी देणार नाही. 1,00,000 रुपयांतले 15,254 कराचे, उरलेले तुमचे. अशा वेळी दर वाढवून मागावा, हे माझे स्पष्ट मत.

अर्जाला पॅन, आधार, फोटो, बँकेचा तपशील आणि घराचे वीजबिल लागेल. बिल वडिलांच्या नावावर असेल तर त्यांचे संमतीपत्रही. 6 टक्क्यांच्या कंपोझिशनचा (छोट्या व्यावसायिकांसाठीच्या कमी दराच्या योजनेचा) मोह धरू नका, आंतरराज्य सेवेला ती चालत नाही. नंबर आला की कंपनीच्या पोर्टलवर लगेच भरा आणि बिलावर आयजीएसटी (आंतरराज्य व्यवहारांचा जीएसटी) लावा. सीजीएसटी-एसजीएसटी (राज्यातल्या राज्यात होणाऱ्या व्यवहारांचा केंद्र आणि राज्याचा जीएसटी) लावलात तर कर चुकीच्या खात्यात जाईल. तो आयजीएसटीत पुन्हा भरावा लागेल आणि आधीच्यासाठी परतावा मागत बसावे लागेल.