डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलाचं वजन वाढतच चाललंय. अशी मुलं जाडच असतात का?

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगा ९ वर्षांचा आहे, डाऊन सिंड्रोम आहे आणि गेल्या दोनेक वर्षांत वजन झपाट्याने वाढलंय. नातेवाईक म्हणतात "अशी मुलं जाडच असतात, सोडून दे", आणि तुम्हाला रात्री झोपताना वाटतं की आपलंच काहीतरी चुकतंय.

मी लहान मुलांची फिजिओथेरपिस्ट आहे, एका विशेष शाळेत काम करते. नातेवाईकांचं वाक्य आधी बाजूला ठेवूया. डाऊन सिंड्रोम असलेली सडपातळ, चपळ मुलं मी रोज बघते. पण वजन वाढण्याचा धोका या मुलांना जास्त असतो, हेही तितकंच खरं. अमेरिकेतल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या आकडेवारीनुसार अपंगत्व असलेल्या मुलांमध्ये लठ्ठपणा इतर मुलांपेक्षा सुमारे ३८ टक्क्यांनी जास्त आढळतो. हा धोका एका कारणाने येत नाही. काही कारणं शरीरातली आहेत, काही औषधांतली, आणि बरीचशी आपल्या घरातली आणि शाळेतली.

शरीरापासून सुरुवात करते, कारण तिथे काही सुटलं असेल तर बाकीची मेहनत वाया जाते. डाऊन सिंड्रोममध्ये स्नायू सैल असतात, उंची कमी राहते आणि नुसतं बसून असताना शरीर जी ऊर्जा खर्च करतं तीही थोडी कमी असते. म्हणजे चुलतभावाच्या ताटात जेवढं वाढलं तेवढंच याच्या ताटात वाढलं, तरी याला ते जास्त होतं. हावरटपणाचा इथे काही संबंध नाही.

दुसरी गोष्ट थायरॉइड. या मुलांमध्ये थायरॉइड मंदावण्याचं प्रमाण बरंच जास्त आहे. म्हणून जन्मतः, सहाव्या महिन्यात, वर्षाचं झाल्यावर आणि त्यानंतर दरवर्षी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) तपासावं असा सल्ला दिला जातो. आपल्याकडे पहिली एक-दोन वर्षं तपासणी होते आणि मग शाळा, थेरपी, दवाखाने यांच्या धावपळीत ती मागे पडते. त्यात थायरॉइडची लक्षणं अशी की कोरडी त्वचा, बद्धकोष्ठ, सुस्ती, मंदपणा. ही सगळी "त्याचं तसंच आहे" म्हणून खपून जातात. वर्षभरात टीएसएच झालं नसेल तर या आठवड्यात करून घ्या.

तिसरी गोष्ट झोप, आणि याबद्दल पालक मला क्वचितच आपणहून सांगतात. मुलगा घोरतो का? मान मागे टाकून, किंवा बसल्या बसल्या पुढे वाकून झोपतो का? झोपेत श्वास मध्येच थांबल्यासारखा वाटतो का? चेहऱ्याच्या मधल्या भागाची ठेवण लहान, जीभ तुलनेने मोठी आणि घशाचे स्नायू सैल, त्यामुळे झोपेत श्वासमार्ग अडण्याचा त्रास डाऊन सिंड्रोमच्या निम्म्याहून अधिक मुलांना होतो. झोप नीट झाली नाही की दिवसभर मूल चिडचिडं, सुस्त आणि भुकेलं राहतं. वजन वाढलं की श्वास आणखी अडतो, आणि हे चक्र फिरत राहतं. मोबाइलवर रात्रीचे दोन-तीन मिनिटांचे व्हिडिओ काढून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. टॉन्सिल किंवा ॲडेनॉइड (नाकामागच्या गाठी) वाढलेले असतील तर त्यावर उपाय आहेत. मात्र घोरण्याचा आवाज येत नाही म्हणजे त्रास नाही असं धरू नका. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची अकादमी तर डाऊन सिंड्रोमच्या प्रत्येक मुलाची चार वर्षांपर्यंत झोपेची तपासणी व्हावी असं सांगते.

तुमच्या मुलाला लागू नसेल, पण हे उत्तर इतर पालकही वाचतील म्हणून औषधांबद्दल थोडं. ऑटिझममध्ये चिडचिड आणि आक्रमकपणासाठी दिलं जाणारं रिस्पेरिडोन भूक बरीच वाढवतं. फिट्ससाठीच्या व्हॅल्प्रोएटनेही वजन वाढतं. डुशेन स्नायुविकारात स्टेरॉइड द्यावीच लागतात आणि त्यांनी चेहरा व पोट दोन्ही भरतात. ही औषधं मनाने बंद करू नका. फिट्सचं औषध अचानक थांबवणं धोक्याचं आहे. औषध सुरू करण्याआधीचं वजन वहीत लिहून ठेवा, दर महिन्याला मोजा आणि वही डॉक्टरांसमोर ठेवा. नोंद समोर असली की पर्यायी औषधाची किंवा डोसची चर्चा होते.

प्रेडर-विली सिंड्रोम हा प्रकार अगदी वेगळा. बाळ सुरुवातीला लुळं असतं, नीट दूध ओढत नाही, वजन वाढत नाही. आणि पुढे बालपणात भूक हळूहळू अशी वाढते की पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचतच नाही. त्या घरात फ्रिजला आणि स्वयंपाकघराला कुलूप लावावं लागतं. बाहेरचे लोक त्याला निर्दयपणा म्हणतात, पण तेच कुलूप त्या मुलाला वाचवत असतं. ही कहाणी कोणाच्या मुलाशी जुळत असेल तर जनुकीय तपासणी करून घ्यावी.

सेरेब्रल पाल्सीत, म्हणजे मेंदूला इजा झाल्याने हालचालीवर ताबा राहत नाही त्या अपंगत्वात, चित्र दुहेरी आहे. ज्यांना गिळताही येत नाही अशी मुलं हाडाचा सापळा असतात, आणि जी वॉकर किंवा काठीच्या आधाराने चालतात त्यातली बरीच वयात येताना जड होतात. माझ्या कामात मला सगळ्यात जास्त वाईट याचंच वाटतं. जे मूल वर्षानुवर्षांच्या व्यायामानंतर चालायला लागलं, ते वाढलेलं वजन पेलवेना म्हणून पुन्हा व्हीलचेअरवर बसतं. मग आईला त्याला उचलावं लागतं, आईची कंबर जाते, आणि मूल घराबाहेर पडणंच कमी होतं. स्पायना बिफिडाच्या (जन्मतः पाठीचा कणा नीट न जुळलेल्या) बऱ्याच मुलांना तर पायात संवेदना कमी असते किंवा नसते. वजन वाढलं की बसल्या जागी जखमा होतात आणि त्या कळतही नाहीत.

आता घराकडे येते. इथे मी थोडं स्पष्ट बोलणार आहे, पण तुम्हाला दोष देण्यासाठी नाही.

आपल्या घरांत या मुलांवरची माया खाऊतून व्यक्त होते. आजोबा संध्याकाळी फिरून येताना बिस्किटाचा पुडा आणतात. आत्या आली की पेढे. "बिचाऱ्याला दुसरं काय सुख आहे?" हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलंय! मुलगा रडायला लागला की हातात कुरकुरे, डॉक्टरांकडे रांगेत बसायचंय तर वेफर्स, लग्नात शांत राहावा म्हणून गुलाबजाम. आणि यात आम्ही थेरपिस्ट मंडळीही आहोतच. एक शब्द बरोबर उच्चारला की चॉकलेटची गोळी, दोन मणी ओवले की आणखी एक. दिवसभरात शाळा, थेरपी, घर मिळून किती गोळ्या झाल्या याचा हिशोब कोणाकडेच नसतो. तुमच्या मुलाच्या थेरपिस्टशी बोला. बक्षीस म्हणून टाळी, स्टिकर, आवडतं गाणं, साबणाचे फुगे, गुदगुल्या, काहीही चालतं. खायचंच द्यायचं असेल तर डाळिंबाचे दाणे द्या.

मऊ जेवणाचंही बघा. स्नायू सैल असल्याने चावायला उशिरा येतं, म्हणून ही मुलं वरणभात, दुधात बुडवलेलं बिस्किट, खिचडी, शिरा यावर मोठी होतात. असं जेवण चावावं लागत नाही, भराभर पोटात जातं आणि पोट भरल्याचं कळेपर्यंत दुसरा वाडगा संपलेला असतो. नऊ वर्षांच्या मुलाला ज्वारीची भाकरी दाटसर भाजीबरोबर, उसळ, वाफवलेल्या गाजराचे लांब तुकडे हळूहळू देता येतात. गिळताना ठसका लागत असेल तर मात्र आधी स्पीच थेरपिस्टला दाखवा. ऑटिझमच्या मुलांची अडचण वेगळी. काहींना फक्त कुरकुरीतच चालतं, काहींना फक्त पांढरं. तिथे जबरदस्तीने ताट पालटलं तर मूल जेवणंच सोडतं; एका वेळी एकच नवा पदार्थ, तोही चमचाभर, आणि नाही म्हटलं तर पुन्हा काही दिवसांनी.

पण मला विचाराल तर आपल्याकडचं सगळ्यात मोठं कारण ताटाबाहेर आहे. या मुलांच्या दिवसातून हालचालच काढून घेतलेली असते. शाळेची व्हॅन दारातून दारात. दप्तर आई उचलते. पाणी बहीण आणून देते. बूट आजी घालते. पीटीच्या तासाला "तू पडशील, इथे बस" म्हणून त्याला पायरीवर बसवतात, आणि सोसायटीतली मुलं क्रिकेटमध्ये घेत नाहीत. मग उरतो टीव्ही आणि मोबाइल. आठवड्यातून दोनदा पाऊणएक तासाची थेरपी ही उणीव भरून काढू शकत नाही, हे मी स्वतः थेरपिस्ट असून सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत ५ ते १७ वयाच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल सांगितली आहे, आणि अपंगत्व असलेल्या मुलांसाठीही तोच आकडा आहे.

म्हणून त्याला घरातली कामं द्या. खरी कामं, लुटुपुटूची नकोत. झाडांना पाणी घालणं, धुतलेले कपडे पिळून दोरीवर टाकणं, भाजीची पिशवी उचलून आणणं, जेवणाआधी सगळ्यांची ताटं-वाट्या मांडणं, केर काढणं. वेळ लागेल, पाणी सांडेल, वाटी पडेल. सांडू दे. शाळेतून येताना व्हॅन एक चौक आधी थांबवता आली तर तिथून हात धरून चालत या. गाणं लावून नाचणं तर आमच्या शाळेतल्या बहुतेक मुलांना इतकं आवडतं की थांबवावं लागतं. पोहणंही चांगलं, सांध्यांवर भार येत नाही. आणि तो आठ वर्षांच्या वर आहे, म्हणजे बौद्धिक अपंगत्व असलेल्यांसाठीच्या स्पेशल ऑलिम्पिक्स भारतच्या स्पर्धांत उतरू शकतो. त्याच्या शाळेला विचारा की तुमच्या जिल्ह्यात कोण सराव घेतं. तिथे पहिल्यांदा काही मुलांना "तू बस" ऐवजी "तू पळ" ऐकायला मिळतं.

दोन काळज्या घ्या. डाऊन सिंड्रोममध्ये मानेचे वरचे दोन मणके काही मुलांमध्ये सैल असतात, म्हणून कोलांटउड्या, ट्रॅम्पोलिन आणि डोक्यावर सूर मारणं नको. मान दुखणं, चाल अचानक बिघडणं, लघवीवरचा ताबा जाणं, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि डाऊन सिंड्रोमच्या साधारण निम्म्या मुलांना जन्मतः हृदयदोष असतो. त्याला तो असेल किंवा ऑपरेशन झालेलं असेल तर किती दमवायचं ते हृदयरोगतज्ज्ञांना विचारूनच ठरवा.

वजन कमी करण्यामागे लागू नका. वाढत्या वयात वजन आहे तिथे रोखून धरलं आणि उंची वाढू दिली की तेवढ्यानेही खूप फरक पडतो. पावडरी, उपास, रात्रीचं जेवण बंद असले प्रकार नकोत. मोजमापासाठी आपल्या भारतीय बालरोग अकादमीचे २०१५ चे तक्ते आहेत, डॉक्टर त्यावर बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते) मांडून दाखवतील. डाऊन सिंड्रोमसाठी उंची-वजनाचे वेगळे तक्तेही मिळतात. उंचीसाठी ते उपयोगी आहेत, पण जुन्या तक्त्यांत वजन "सरासरी" आलं म्हणून निर्धास्त होऊ नका, कारण ती सरासरीच जड मुलांची आहे. खाजगी तपासण्या परवडत नसतील तर जिल्हा रुग्णालयातल्या लवकर निदान व उपचार केंद्रात, म्हणजे डीईआयसीत जा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि उपचार तिथे मोफत होतात, आणि डाऊन सिंड्रोम त्या यादीत आहे.

आजी-आजोबांशी बोलणं सगळ्यात अवघड जाईल. त्यांना "देऊ नका" म्हटलं तर ते लपून देतील. त्याऐवजी आजोबांना सांगा की संध्याकाळी त्यांच्याबरोबर नातवाला बाजारापर्यंत चालत न्यायचं, आणि खाऊ म्हणून परतताना त्याच्याच हाताने एक पेरू किंवा दोन केळी घ्यायची. बिस्किटाच्या पुड्याची जागा त्यांच्या सोबतीने घेतली तर आजोबांनाही काही काढून घेतल्यासारखं वाटणार नाही.

टीएसएचचा रिपोर्ट आला आणि रात्रीचा एखादा व्हिडिओ काढलात की डॉक्टर काय म्हणाले ते इथे लिहा. हृदयाचं काही आहे का तेही सांगा, म्हणजे व्यायाम कसा वाढवत न्यायचा ते मी नेमकं सुचवू शकेन.