पळस रंगवण्याआधी

वाळलं झाड म्हणजे दुःख, असं आधीच ठरवून चित्राला बसू नकोस. जर्मन चित्रकार फ्रीडरिशने १८०८ च्या वेदीचित्रात, म्हणजे ख्रिस्ती प्रार्थनावेदीसाठीच्या चित्रात, सदाहरित फर वृक्ष आशेचं प्रतीक म्हणून रंगवले. ते त्याच्या थंड मुलखाला शोभतं. आपल्या विदर्भात फाल्गुनात पळस पानं गाळूनच फुलतो. जवळ जाऊन बघ: काळपट, मखमली कळी आणि तिच्यातून बाहेर आलेली बाकदार केशरी पाकळी. तो काळा गाळलास तर नुसती शोभा उरते.

भेगाळलेली काळी जमीनही दरवेळी दुष्काळ सांगत नाही. कपाशीची माती उन्हाळ्यात भेगाळतेच, अन् पहिल्या पावसाचं पाणी त्याच भेगांतून खोल जातं. हे माझ्या मते फार मोठं प्रतीक आहे, त्यावर वेळ घाल. फक्त ट्यूबमधला तयार काळा वापरू नकोस. गडद निळ्यात तपकिरी मिसळ.