'श्रॉफ' या इंग्रजी शब्दाचा अर्थ काय? हाँगकाँगच्या पार्किंगमध्ये ही पाटी का असते?

श्रॉफ म्हणजे आपला सराफच. हाँगकाँगला पार्किंगमध्ये, रुग्णालयात किंवा कोर्टात ही पाटी दिसली की तिथे पैसे भरायचे. हा शब्द 'शेरिफ'वरून आला असं ठासून सांगणाऱ्यांशी वाद घालून मी थकलोय. शेरिफ हा इंग्लंडातला परगण्याचा अंमलदार. त्याचा इथे काडीचाही संबंध नाही. 'ते पारशी आडनाव आहे' हेही उत्तर नव्हे. आडनाव धंद्यावरून पडलं.

मूळ अरबी 'सर्राफ', म्हणजे नाणी बदलून देणारा. फारसीतून तो आपल्याकडे रुळला, आणि पश्चिम किनाऱ्यावर पोर्तुगीजांनी व इंग्रज व्यापाऱ्यांनी उचलला. 'हॉब्सन-जॉब्सन' या हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या बोलीतल्या शब्दांच्या १८८६च्या कोशात त्याची नोंद आहे.

व्यापाऱ्यांचं सराफावाचून का अडायचं, ते तेव्हाचा रुपया पाहिला की कळतं. टांकसाळ बदलली की रुपया बदलायचा. एकट्या पेशवाईतच अंकुशी वेगळा, चांदवडी वेगळा. कोणता कितीला घ्यायचा हे सराफ ठरवी आणि फरकाचा बट्टा कापी. १८३५ मध्ये कंपनीने १८० ग्रेन (सुमारे ११.६६ ग्रॅम) वजनाचा, त्यात १६५ ग्रेन शुद्ध चांदी असलेला एकच रुपया काढला. तरी खोटी नाणी येतच राहिली, म्हणून पारख थांबली नाही.

पारख अशी: नाणं बोटाच्या टोकावर तोलून नखाने टिचकी मारायची. चांगल्या चांदीचा नाद लांबतो, पोटात शिसं असेल तर बद्द वाजतं. नुसत्या तराजूवर विसंबलात तर फसलात, कारण शिसं चांदीपेक्षा थोडं जडच. कोरून भरलेलं नाणं वजनाला पुरेपूर उतरतं. मग कड कातरली आहे का ते बघायचं. तरीही शंका राहिली तर कसोटीवर घासून, शेजारी खात्रीच्या चांदीची रेघ ओढून रंग ताडायचा.

हाच शब्द इंग्रजांबरोबर चीनच्या व्यापारात गेला. तिथे चाले मेक्सिकोचा चांदीचा डॉलर, सुमारे २७ ग्रॅमचा. पारखलेल्या नाण्यावर व्यापारी आपला ठसा मारत. ठशांवर ठसे बसून कित्येक नाणी वाटीसारखी खोलगट झाली आणि वजनावर घेतली जाऊ लागली. पेढीतला नाणी पारखणारा चिनी कारकून, तो श्रॉफ. पुढे चांदीची नाणी गेली. पैसे घेणारी खिडकी आणि तिचं नाव राहिलं.

वापराचं म्हणाल, तर इंग्रजीत हे क्रियापदही आहे: नाणी 'श्रॉफ' करणे, म्हणजे पारखणे. पारखणावळीला 'श्रॉफेज' म्हणत. लंडनच्या दुकानात विचाराल तर कुणाला कळणार नाही. आपल्या बँकिंगच्या पुस्तकांत 'गुजराती श्रॉफ', 'मुलतानी श्रॉफ' भेटतात. ते हुंड्यांवर चालणारे देशी सावकार.

एक मात्र सांगायचं राहिलं. मराठीत सराफ म्हटलं की आज दागिन्यांचं दुकान डोळ्यांपुढे येतं. इंग्रजी श्रॉफला तो अर्थ नाही. तेव्हा सराफाच्या दुकानाची इंग्रजी पाटी रंगवताना 'ज्वेलर'च लिहा.