पाचवीतच राहू दे का, मॅडम?

मुलांच्या अभ्यासातल्या अडचणी घेऊन पालक माझ्याकडे येतात. निकालपत्रकं हातात पडली की माझ्या ठाण्यातल्या, नौपाड्याच्या खोलीत दरवर्षी हाच प्रश्न येतो. 2024च्या मे महिन्यात तो कोपरखैरण्याहून आला. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत, प्रश्न जसाच्या तसा ठेवला आहे.

वडील वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी, मूळचे पाटण तालुक्यातले. काम उरकून, अंघोळ करून थेट ट्रान्स-हार्बर लोकलने ठाण्याला आले होते. निकालपत्रक घडी पडू नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेलं. मराठी माध्यम, पाचवी. 50पैकी मराठीत 14, इंग्रजीत 11, परिसर अभ्यासात 16. गणितात मात्र 31.

"जूनमध्ये फेरपरीक्षा आहे. मी म्हणतो, बसवायचंच नाही. पाचवीतच राहू दे," वडील म्हणाले. "पाया कच्चा ठेवून वर मजला कशाला चढवायचा?"

आईचं म्हणणं वेगळं होतं. चुलतभाऊ त्याच इयत्तेत. गणपतीला गावी गेलं की सगळे विचारणार. एवढं बोलून त्या गप्प झाल्या. मुलगा खाली मान घालून चपलेच्या पट्ट्याशी खेळत होता.

हा प्रश्न आता इतक्या घरांत का पडतो, ते थोडक्यात सांगते. 2009च्या शिक्षणहक्क कायद्याने आठवीपर्यंत कुणाला त्याच वर्गात ठेवायचं नाही असं ठरवलं होतं. 2019मध्ये कायद्यात बदल झाला आणि पाचवी-आठवीच्या परीक्षेचा निर्णय राज्यांवर सोडला गेला. आपल्याकडे 2023-24पासून या दोन इयत्तांना वार्षिक परीक्षा आली. पासापुरते 35 टक्के, म्हणजे पाचवीला 50पैकी 18. नापास झालं तर निकालापासून दोन महिन्यांच्या आत फेरपरीक्षा, आणि तीही निघाली नाही तर मूल त्याच वर्गात. शाळेतून मात्र आठवी होईपर्यंत काढता येत नाही. हे पालकांना मी आवर्जून सांगते, कारण 'नाव कापतील का' या भीतीने अनेक आयांची झोप उडालेली असते.

या बदलावर माझा राग नाही. न वाचता येणारी मुलं वर्गामागून वर्ग चढत नववीत धाडकन कोसळताना मी पाहिली आहेत, आणि नववीत नापास करणं तर कधी थांबलंच नव्हतं. पण 14 मार्क बघून एवढंच कळतं की गाडी अडली आहे. ती कशाने अडली, हे कुणीतरी खाली वाकून बघायला लागतं.

मी मुलाला मराठीचं पुस्तक काढायला सांगितलं. त्याने तिसरा धडा उघडला आणि घडाघडा वाचला. आईच्या चेहऱ्यावर जरा तरतरी आली. मी पान उलटलं, तर त्याचं वाचन थांबलंच नाही. मागच्या पानावरची दोन वाक्यं तो पुढच्या पानाकडे बघत म्हणत राहिला.

मग मी कागदाच्या चिठ्ठ्या केल्या. येताना गाडीत कुठली स्टेशनं लागली विचारल्यावर त्याने एका दमात सांगितलं होतं, घणसोली, रबाळे, ऐरोली, दिघा गाव, ठाणे. तीच नावं ठसठशीत अक्षरात लिहिली, क्रम बदलला आणि त्यात एक चिठ्ठी माझ्या पदरची घातली. त्याने ऐरोली ओळखलं, ठाणे ओळखलं. माझी चिठ्ठी आली तेव्हा जरासुद्धा न अडखळता म्हणाला, "रबाळे."

चिठ्ठीवर 'रताळे' लिहिलं होतं.

वडील हसायला गेले आणि मध्येच थांबले. चिठ्ठी त्यांनी हातात घेतली, बराच वेळ बघितली, मग बायकोकडे दिली. मी 'घणसोली'मधली अक्षरं पुढेमागे करून आणखी तीन चिठ्ठ्या दिल्या. तिन्ही त्याला घणसोलीच वाटल्या. पहिलं अक्षर, शब्दाची लांबी आणि एकूण आकार, एवढ्यावर पोरगा पाच वर्षं वाचत आला होता. बाकीचं सगळं पाठांतर. धडा वर्गात दहादा ऐकायचा, घरी ताईकडून म्हणवून घ्यायचा आणि पुस्तक समोर धरायचं. परीक्षेत प्रश्न जरा फिरवून आला की खेळ संपला. गणितात आकडे होते, म्हणून तिथे 31.

दोघांना बाहेर बसवून मी त्यालाच विचारलं, तुला काय वाटतं रे? त्याने लगेच सांगितलं, "पाचवीतच बरंय. ही पुस्तकं मला येतात. सहावीची सगळी नवीन असतात."

इतक्या वर्षांच्या कामात मला इतकं स्पष्ट उत्तर कुणी मोठ्या माणसाने दिलेलं नाही. तो पाचवीत राहिला असता तर तेच धडे आणखी पक्के पाठ झाले असते, पुढच्या मे महिन्यात पंचवीस-तीस मार्क पडले असते, वडील पाया पक्का झाला म्हणून समाधानाने सहावीत पाठवते, आणि वाचता न येणं तसंच झाकून राहिलं असतं. मी स्वतः एकदा असंच केलं आहे. नवीन होते तेव्हा दुसरीतल्या एका मुलीला 'लहान आहे, एक वर्ष थांबू दे' म्हणून मान डोलावली. ती मुलगी पाचवीत पुन्हा माझ्याकडे आली, अडचण तीच, शिवाय वर्गात सगळ्यात उंच असल्याची लाज. त्या मुलीचं ते वर्ष मला परत देता येणार नाही.

वडिलांना मी विचारलं, तुमच्या वेळी नापास झालेले पुढे किती शिकले? ते बोटं मोजायला लागले. दुसऱ्या बोटावर थांबले. "माझा थोरला भाऊ," म्हणाले. "चौथीत दोनदा बसला. मग गुरं राखायला गेला." त्यानंतर त्यांनी पाचवीत ठेवण्याचं नाव काढलं नाही.

आम्ही ठरवलं ते असं. फेरपरीक्षेला बसवायचं, पण रट्टा मारून नाही. आधी डोळे आणि कान तपासून घ्यायचे, कारण फळ्यावरचं दिसत नाही एवढंच कारण असलेली मुलंही माझ्याकडे येतात. वर्गशिक्षिकेला चिठ्ठ्यांसकट सगळं सांगायचं. मग शीवच्या महापालिका रुग्णालयात अध्ययन अक्षमतेची, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन-लेखन जमत नाही त्याची, तपासणी. तिला वेळ लागतो, चकरा होतात, बुद्धिमापन आणि वाचन-लेखनाच्या वेगवेगळ्या चाचण्या असतात, हे आधीच सांगून ठेवलं. माथाडी माणसाचा एक खाडा म्हणजे त्या दिवसाची मजुरी, त्यामुळे कुठल्या दिवशी कोण जाणार तेही कागदावर मांडलं. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता आहे. प्रमाणपत्र मिळालं की परीक्षेला जादा वेळ आणि गरज पडल्यास लेखनिक मिळतो, दहावीलासुद्धा. 'दिव्यांग' शब्द ऐकून आईचे डोळे भरले. पोर हुशार आहे, गणितातले 31 घरात कुणी शिकवलेले नाहीत, हे मी त्यांना त्याच्यासमोर सांगितलं.

वर्गशिक्षिका भल्या निघाल्या. "मला वाटायचं आळशी आहे," म्हणून फोनवर त्या बराच वेळ गप्प होत्या. फेरपरीक्षेत तो कसाबसा निघाला, इंग्रजीत जेमतेम. डिसेंबरात प्रमाणपत्र आलं. आठवड्यातून दोनदा एक विशेष शिक्षिका त्याला अक्षर-ध्वनीपासून शिकवू लागल्या. अगदी का-की-कु-कू पासून, सहावीच्या मुलाला. पहिले दोन महिने तो रुसून बसायचा.

म्हणजे कुणालाच मागे ठेवू नये असं मी म्हणते का? नाही. त्याच वर्षी घोडबंदर रोडवरची नववीतली एक मुलगी होती, टीबीच्या उपचारात जवळजवळ सहा महिने शाळा बुडालेली. तिला शिकण्यात काही अडचण नव्हती, ते शिकवलं गेलं तेव्हा ती वर्गातच नव्हती. तिने स्वतः सांगितलं, "मला नववी नीट करायची आहे, दहावीला घाई नको." मी त्या घराला मनापासून हो म्हटलं. तिला जे मिळालंच नव्हतं ते त्या वर्षाने दिलं.

तुमच्या घरी हा प्रश्न आला असेल तर निकालपत्रक बाजूला ठेवा आणि मुलाने कधी न पाहिलेलं, एक-दोन इयत्ता खालचं पुस्तक त्याच्यापुढे उघडा. शेजारी बसा, ओरडू नका, कुठे अडतो ते फक्त बघा. गणिताचं उदाहरण तुम्ही वाचून दाखवलंत की सुटतं का, तेही बघा. आणि मुलाला एकट्याला विचारा, तुला काय वाटतं.

परवा तो आला होता. आता सातवीत. हळू वाचतो, जोडाक्षरावर बोट ठेवून थांबतो, पण समोर जे लिहिलंय तेच वाचतो. माझ्या टेबलावरचा कागद ओढून त्याने हाताने झाकत काहीतरी लिहिलं आणि वडिलांपुढे धरलं.

"घणसोली," वडील म्हणाले.

"नीट वाचा, पप्पा. घसणोली लिहिलंय."