अन्ननलिकेला भोक पडलं, तर ऑपरेशनच का?

प्रश्न : बाबांची अन्ननलिका अरुंद झालेली, ती फुग्याने रुंद करताना तिला छोटं भोक पडलं. डॉक्टर म्हणतात दुर्बिणीतूनच क्लिप लावू, छाती उघडायला नको. हे खरंच पुरेसं असतं का हो?

उत्तर : हो, बऱ्याचदा पुरतं, आणि तिथल्या तिथे लक्षात आलं ही फार मोठी गोष्ट आहे, कारण पहिल्या 24 तासांत भोक बंद झालं तर अन्न-लाळ छातीत झिरपून इन्फेक्शन व्हायचा धोका खूप कमी होतो. साधारण 1 सेंटीमीटरपेक्षा लहान, ताजं भोक असेल तर साध्या क्लिपा चालतात, त्याहून थोडं मोठं असेल तर दुर्बिणीच्या टोकावर बसवून आणलेली मोठी क्लिप, अजून मोठं असेल तर आवरण असलेला स्टेंट, म्हणजे भोक आतून झाकणारी जाळीची नळी, जी काही आठवड्यांनी काढतात. आत पू साचला असेल तर तो ओढून घेणारा व्हॅक्युमचा स्पंज ठेवतात, तो दर 3-5 दिवसांनी बदलावा लागतो, त्रासाचं आहे पण उपयोग होतो.

तोंडाने पाणीसुद्धा देऊ नका, डॉक्टर सांगेपर्यंत अजिबात नाही. ताप, छातीत वाढतं दुखणं, धाप किंवा मानेची कातडी दाबल्यावर करकर लागली तर लगेच सांगा, मग ऑपरेशनला नाही म्हणू नका.