वाचकांचे प्रश्न : टॅग लावल्यानंतरही कोड बदलतो कसा?

प्रश्न : रत्नागिरीत आम्ही आंबा बागायतदारांसाठी पेट्यांच्या हिशेबाचे सॉफ्टवेअर तयार करतो. हंगामापूर्वी दिलेल्या आवृत्तीला सबव्हर्जन या कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीमध्ये टॅग (ती आवृत्ती ओळखण्याची नावखूण) लावला होता. आता त्याच टॅगमध्ये मागाहून केलेली दुरुस्ती आढळली. हे कसे घडले? यापुढे सबव्हर्जनऐवजी गिट ही प्रणाली घ्यावी की मर्क्युरिअल?

उत्तर : सबव्हर्जन ब्रँच (कामाची स्वतंत्र शाखा) आणि टॅग यांत मुळात फरकच करत नाही. दोन्ही म्हणजे त्या क्षणीच्या ट्रंकची (मुख्य कोडची) प्रत. एक ‘ब्रँचेस’ या फोल्डरात आणि दुसरी ‘टॅग्ज’मध्ये ठेवायची, हा केवळ संकेत आहे. सर्व्हरवर फाइली दुबार साठवल्या जात नसल्याने ही प्रत झटकन निघते व जागाही फारशी अडवत नाही. परंतु टॅगच्या फोल्डरातून चेकआउट करून (फाइली आपल्या संगणकावर घेऊन) कोणी कमिट केले (बदल नोंदवले), तर तेही विनातक्रार स्वीकारले जाते. तुमच्याकडे बहुधा हेच झाले असावे. त्या टॅगचा लॉग (बदलांची यादी) ‘स्टॉप ऑन कॉपी’ हा पर्याय देऊन पाहा, म्हणजे प्रत काढल्यापासूनचा प्रत्येक बदल, तो करणाऱ्याच्या नावासह आणि वेळेसह, समोर येईल. मूळ आवृत्ती नष्ट झालेली नाही. प्रत काढतानाच्या रिव्हिजन क्रमांकावरून (प्रत्येक कमिटला मिळणाऱ्या अनुक्रमांकावरून) ती जशीच्या तशी मिळते.

गिटमध्ये ब्रँच म्हणजे एका कमिटचा 40 अक्षरी हॅश (ओळखखूण) धारण करणारी नोंद असते आणि नवे कमिट होताच ती पुढे सरकते. टॅग मात्र कमिटमुळे हलत नाही. तो जबरदस्तीने हलवता येतो, हे खरे. म्हणूनच ग्राहकाकडे जाणाऱ्या आवृत्तीला नाव, तारीख व संदेश जपणारा ॲनोटेटेड टॅगच लावावा, असा माझा आग्रह आहे. साध्या पुशबरोबर (कमिट सर्व्हरवर पाठवताना) टॅग सर्व्हरवर जात नाहीत, तेवढे लक्षात ठेवावे.

मर्क्युरिअलमध्ये नामांकित ब्रँचचे नाव प्रत्येक चेंजसेटमध्ये (नोंदवलेल्या बदलात) कायमचे नोंदले जाते, तर टॅग एका फाइलीत लिहिले जातात आणि त्या फाइलीचाही इतिहास राहतो. त्यामुळे टॅग कोणी, केव्हा हलवला हे सहज कळते. तुमच्या अडचणीपुरती ही पद्धत मला अधिक चोख वाटते. तरीही गिट जाणणारी माणसे सहज मिळतात, म्हणून मी गिटच सुचवेन.

स्थलांतर ‘गिट एसव्हीएन’ या साधनाने केल्यास जुने टॅग रिमोट ब्रँच (सर्व्हरवरील शाखांच्या नोंदी) म्हणून येतात, त्यांचे खरे टॅग आपल्यालाच करावे लागतात. त्या वेळी बिघडलेल्या टॅगच्या जागी दोन टॅग करा : एक हंगामापूर्वी दिलेल्या मूळ कोडला, दुसरा दुरुस्त आवृत्तीला.